सर्व्हेवाले आलेत, बसा म्हणावं!

एसटी चुकली की आमच्यात एक किस्सा निघतो. आणि एसटी रोजच चुकते. म्हणजे किती किस्से झाले असतील, तुम्हीच अंदाज करा!

आमचं काम तसं सांगायला अवघड. माझ्या आईला मी बारा वर्षं समजावून सांगून राहिले की आई, आम्ही सामाजिक संशोधन करतो. लोक मत कसं ठरवतात, रेशन कुणाला मिळतं, ग्रामसभेत कोण बोलतं, सरकारची योजना कागदावरून घरापर्यंत येते का, हे घरोघर जाऊन विचारतो. आई सगळं ऐकून घेते आणि शेजारणीला सांगते, "आमची सुनंदा जनगणनेत आहे."

आमची टीम तीन माणसांची. वाघमारे सर आमचे प्रमुख. उदगीरचे. नांदेडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, रिटायर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात खांद्याला शबनम अडकवून गावोगाव फिरायला लागले. गुडघा दुखतो, पण त्या गुडघ्याचं कुणी विचारलेलं त्यांना आवडत नाही. दुसरी शाहीन. लातूरची. आवाज इतका गोड की दार लावून घेणारा माणूस तिला पाणी विचारूनच दार लावतो. आणि तिसरी मी. मास्तरांची मुलगी, त्यामुळे अक्षर चांगलं, एवढीच माझी पात्रता.

शिवाय पुण्याला एक मॅडम आहेत. त्या प्रश्नावली पाठवतात, आम्ही भरून परत पाठवतो, त्या अहवाल लिहितात. माणूस चांगला आहे. फक्त प्रश्न पुण्याचे असतात.

* * *

एकदा मॅडमनी विश्वासाचा सर्व्हे काढला. कोणत्या शासकीय यंत्रणेवर लोकांचा किती विश्वास आहे? उत्तरं तीनच. पूर्ण, थोडा, अजिबात नाही.

देगलूरच्या बाजूला एका गावात शाहीन एका आजोबांसमोर बसली होती. आजोबा खाटेवर, हातात तंबाखूची चंची. मराठीत बोलता बोलता सुनेला तेलुगूत काहीतरी सांगत होते. पोलिसांवर किती विश्वास, कोर्टावर किती, सगळं नीट सांगितलं. मग तलाठ्याचा प्रश्न आला.

"आजोबा, तलाठ्यावर तुमचा किती विश्वास आहे?"

"कोन्त्या तलाठ्यावर? गेलेला का आलेला?"

"आत्ता जो आहे त्याच्यावर."

आजोबांनी चंची बांधली. थोडा विचार केला.

"लिव. पूर्ण!"

शाहीनला आश्चर्य वाटलं. त्या गावात तलाठ्याबद्दल तोपर्यंत एकही माणूस धड बोलला नव्हता. ती म्हणाली, "इतका चांगला आहे का?"

"काय म्हाईत पोरी! अजून बघितलाच न्हाई त्याला. बघितला न्हाई तवर पूर्ण विश्वास!"

* * *

आमच्या सरांचा एक नियम आहे. बाई म्हणाली 'मला काय कळतंय, मालकाला इचारा', की मुलाखत संपली असं समजायचं नाही. तिथून मुलाखत सुरू होते.

लातूरजवळच्या मुरुडच्या पुढं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढचं ऐकल्यावर तुम्हालाच कळेल. मतदानाचा सर्व्हे होता. यादीत निघालेलं नाव त्या घरातल्या बाईंचं. पण शाहीननं प्रश्न विचारला की उत्तर नवऱ्याकडून यायचं.

"ताई, मत कुणाला द्यायचं हे तुम्ही कसं ठरवता?"

"ती कशाला ठरवते?" मालक म्हणाले. "मी सांगतो त्यालाच देती. लिवा तुम्ही!"

बाई चुलीपाशी बसून खाली बघत होत्या. शाहीननं माझ्याकडं बघितलं. आमच्यात एवढं पुरतं.

मी उठले. "काका, शेतीचा वेगळा फॉर्म आहे. त्याला कुटुंबप्रमुखच लागतात. बाहेर बसू या का? इथं धूर आहे."

कुटुंबप्रमुख म्हटल्यावर काका खूश! बाहेर ओट्यावर आले आणि मला विहिरीपासून सुरुवात करून सगळं शेत सांगायला लागले. कोणत्या वर्षी कुठं काय पेरलं, कुणाचा बांध कुठं सरकला. मी पण एकेक पीक सावकाश लिहीत गेले. माझं सुंदर अक्षर त्या दिवशी पहिल्यांदा संशोधनाच्या कामी आलं!

आत काय झालं ते शाहीननं नंतर सांगितलं. नवऱ्याचा आवाज ओट्यावर गेल्याची खात्री झाली तशा बाई चुलीपासून सरकून जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "ताई, घरातून निघताना ते सांगतेत. रस्त्यानं जाताना सांगतेत. शाळेच्या फाटकापस्तोर सांगतेत. पण बटन दाबायला म्या एकलीच आत जाते की!"

आणि मग पंधरा मिनिटं बोलल्या. कुणाला दिलं, का दिलं, मागच्या वेळी का बदललं. शाहीन म्हणते, तिनं आजवर घेतलेली ती सगळ्यात हुशार मुलाखत होती.

आम्ही निघालो तेव्हा काका दारापर्यंत सोडायला आले. शाहीनला विचारलं, "काय म्हणली हो ती?"

शाहीन गोड आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही सांगितलं तेच."

"बघा!" काका म्हणाले. "मी म्हणलोच होतो, खामखा वेळ वाया घालवायलेत!"

* * *

आता उदगीरकडचे आण्णा.

आम्ही गावात गेलो की माणसं आमच्या मनानं निवडत नाही. मतदार यादीवरून ठराविक अंतरानं नावं काढतो. ज्याचं निघेल त्याचं निघेल. मग तो गावचा पुढारी असो की गावाबाहेर राहणारा. आपल्या मनानं निवडायला लागलो तर ओट्यावर बसलेले चार-पाच बोलके पुरुष हेच गाव होऊन बसतं.

आण्णा त्या गावचे मोठे शेतकरी. सोसायटी त्यांच्या हातात, शाळेची समिती त्यांच्या हातात. आम्ही आल्याचं कळलं तसं त्यांनी सरांना वाड्यावर बोलावून घेतलं, चहा दिला आणि यादी मागितली. यादीत त्यांचं नाव नव्हतं.

"हे काय हो प्राध्यापक? गावाची माहिती घ्यायलेत आन् मी न्हाई?"

"निघालं नाही आण्णा. काय करणार?"

"मग काढा की! आन् हे बघा, ही नावं कुणाची घेतली? ह्याला बोलता येत न्हाई. ही बाई सहा महिने ऊसतोडीला. हा तर येडाच हाय. मी तुम्हाला धा मान्सं देतो. सगळी हुशार. एका जागी बसून तुमचे सगळे फॉर्म भरून देतेत."

सर म्हणाले, "नको."

आण्णांना नको ऐकायची सवय नसावी. ते म्हणाले, "मग गावात कोण दार उघडतंय ते बघतो मी!"

मी आणि शाहीन एकमेकींकडं बघायला लागलो. गावातून हात हलवत परत जायची वेळ आमच्यावर आधी आलेली होती. पण सरांनी आधी चहा संपवला. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "आण्णा, सोयाबीन विकायला उदगीरच्या मोंढ्यातच घालता ना?"

"आन् कुठं घालणार?"

"आडत्याचा माणूस पोत्यात नळी खुपसतो, मूठभर दाणे काढून बघतो. तेव्हा तुम्ही त्याला म्हणता का, हे पोतं नको, ते बाजूचं बघ?"

आण्णा खदखदून हसले. "म्हणतो की! दर वेळी म्हणतो!"

"आणि तो ऐकतो?"

आण्णांचं हसू हळूहळू कमी झालं. "...न्हाई."

"का ऐकत नाही?"

"त्याला म्हाईत असतंय, मी चांगलंच पोतं दाखवणार."

सरांनी यादी घडी करून खिशात ठेवली आणि आण्णांकडं बघत राहिले.

आण्णा उठले. पायात चपला घातल्या. म्हणाले, "चला. कोन्ते कोन्ते पोते हायेत तुमचे?"

त्या दिवशी आण्णा स्वतः आमच्याबरोबर दारोदार फिरले. प्रत्येक दारात आम्हाला पोहोचवायचे आणि परत फिरताना घरातल्या माणसाला बजावून सांगायचे, "खरं खरं सांगा बरं का. हे मोंढ्यातून आलेत!"

* * *

माझी पण एक गोष्ट सांगते. त्यात माझी फार शोभा नाही, पण सांगते.

विष्णुपुरीच्या धरणापासून थोडं पुढं एक वस्ती आहे. तिथं एका मावशींचं नाव निघालं. मी गेले, तर घराला कडी. शेजारी म्हणाले, कामाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेले, तर त्याच्याही आधी गेलेली. आमच्याकडं नियम असा, की तीन वेळा गेल्याशिवाय दुसरं नाव घ्यायचं नाही. मला खरं तर दुसरं नाव घ्यायचा मोह झाला होता. दुसरं नाव समोरच्याच घरात होतं आणि त्या बाई दारातच बसल्या होत्या! पण वाघमारे सर 'किती वेळा गेलीस?' असं नुसतं विचारतात आणि डोळ्यांत बघतात. त्यांच्यापुढं खोटं बोलणं शक्य नाही.

तिसऱ्या दिवशी मी शेतावरच गेले. सोयाबीनमध्ये खुरपणी चालू होती. बायकांची रांग, एकेकीच्या वाट्याला एकेक पात. मावशी टोकाला.

"मावशी, पाऊण तास लागेल. बसून बोलू या का?"

त्यांनी वर पण बघितलं नाही. "मी बसले तर माझी पात कोण लावणार? मुकादम वरडंल. तुला बोलायचंय तर खुरपं घे. हात चालू असला की तोंड कितीबी चालंल."

झालं. मी शबनम बांधावर ठेवली, फॉर्म पदराला पिन लावून अडकवला आणि त्यांच्या शेजारी खुरपायला बसले. एक प्रश्न विचारायचा, चार वेळा खुरपं मारायचं, थांबून उत्तर लिहायचं, तोपर्यंत मावशी वावभर पुढं गेलेल्या! मग धावत जाऊन गाठायचं. रोजगार हमीचा प्रश्न मी सोयाबीनच्या पहिल्या पातीला विचारला आणि रेशनचा चौथीला. दोनदा तणाऐवजी सोयाबीन उपटलं. मावशींनी ते उचलून परत मातीत खोचलं.

पण उत्तरं काय दिली! रोजगार हमीच्या कामावर हजेरी कोण घेतं, नाव कुणाचं लागतं, काम कुणाला मिळतं, सगळं. इतकं स्पष्ट मला आमच्या कोणत्याच अधिकाऱ्यानं सांगितलेलं नाही. माझ्या हाताला फोड आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, बरं झालं समोरच्या घरात बसले नाही.

शेवटचा प्रश्न आमचा नेहमीचा असतो. "मावशी, तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?"

मावशींनी कंबर सरळ केली. राहिलेल्या रानाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हाय की. उद्या येतीस का?"

* * *

हा किस्सा एका माणसाचा आहे. नाव सांगणार नाही. माणूस शिकलेला, लग्न झालेला, पीएच.डी. करत होता. एका उन्हाळ्यात मदतीला आमच्यात घेतलेला. मे महिन्यातलं लातूर, त्यामुळे त्याची अवस्था मी समजू शकते. पण त्याचे चाळीस फॉर्म चार दिवसांत भरून आले! स्वच्छ, एक खाडाखोड नाही. मी तर त्याला म्हटलं, "वा!"

सरांनी ते फॉर्म एकदा चाळले. दुसऱ्यांदा चाळले. मग त्याला समोर बसवलं.

"हे सतरा नंबरचं घर. दारात काय होतं?"

"दारात? म्हणजे... दार होतं सर."

"म्हैस? तुळस? मोटारसायकल? कुत्रं अंगावर आलं का?"

तो फॉर्मकडं बघायला लागला.

सर म्हणाले, "चाळीस घरांत एकही माणूस 'माहीत नाही' म्हणालेला नाही. एकानंही 'ते जाऊ द्या, माझं आधी ऐका' म्हटलेलं नाही. असली चाळीस माणसं एका गावात मला अजून भेटायची आहेत."

त्यानं मान खाली घातली. फॉर्म त्यानं भाड्याच्या खोलीत कूलरसमोर बसून भरले होते.

सरांनी पुण्याला फोन लावला. अहवाल द्यायला आठच दिवस राहिले होते. मॅडम म्हणाल्या, ते चाळीस सोडून देऊ, बाकीच्यांवरून थोडं ॲडजस्ट करू. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्या गावात पाण्याचे टँकर कमी करायचे का, हे या अहवालावरून ठरणार आहे. ते गाव यातून सोडून देऊन कसं चालेल?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे त्या गावात. सर, शाहीन, मी. आणि तो! सरांनी त्याला काढला नाही. "ज्यांची उत्तरं तू दिलीस, त्यांना आता तूच जाऊन भेट," एवढंच म्हणाले. सरांचा गुडघा सुजला होता. दुपारी कडुनिंबाखाली बसून ते दहा मिनिटं पाय लांब करायचे आणि उठायचे. ते उठले की आम्हाला बसून राहायची लाज वाटायची.

पहिले दोन दिवस तो माणूस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी गल्लीच्या टोकाकडून तो अक्षरशः पळत आला. घामानं शर्ट चिकटलेला, पँटवर कुत्र्याच्या पंजाचे ठसे, आणि हातात फॉर्म नाचवून राहिला होता.

"सर! सर! सतरा नंबरचे आजोबा 'माहीत नाही' म्हणाले!"

* * *

लातूर जिल्ह्यातलं एक मोठं गाव. मी आणि सर एका प्रतिष्ठित घरात बसलो होतो. शाहीन दुसऱ्या गल्लीत होती. घरमालक बोलायला फार चांगले. मुलगी इंजिनिअर, मुलगा बँकेत. सरांनी प्राध्यापक म्हणून ओळख करून दिली तसा त्यांना आनंद झाला. आत चहा सांगितला. मग बोलता बोलता विचारलं, "सर, आडनाव काय म्हणालात?"

"वाघमारे."

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले, आणि जरा आत जाऊन आले.

चहा आला. मालकांना कपबशी. मला कपबशी. सरांना कागदी कप.

माझा हात तिथल्या तिथं थांबला. कपबशी खाली ठेवून उठावं, चार शब्द बोलावेत, असं वाटत होतं. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली. बस, म्हणून. मी बसून राहिले. त्या बसण्याचं अजून मला बरं वाटत नाही.

सरांनी चहाचा घोट घेतला. "छान झालाय," म्हणाले. मग पेन उघडून पुढचा प्रश्न विचारला. प्रश्न मॅडमनी पुण्यात बसून लिहिलेला होता, आणि त्या दिवशी त्याची पाळी नेमकी तिथंच आली होती.

"आपल्या गावात कुणाला वेगळ्या भांड्यात चहा-पाणी दिलं जातं का?"

"छे छे!" मालक म्हणाले. अगदी मनापासून. "ते सगळं आमच्या आजोबांच्या काळात. आता कुठं राहिलं तसलं?"

सरांनी लिहिलं, 'नाही'. चहा संपवला. कप रुमालानं आतून पुसला.

"हा मी घेऊन जाऊ का?"

"अहो, तो टाकायचाच असतो!"

"हो. म्हणूनच विचारलं."

बाहेर आल्यावर मी सरांवर चिडले. "सर, बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर त्यानं उत्तर बदललं असतं," सर म्हणाले. "मला त्याचं उत्तर पाहिजे होतं."

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज गोंधळलेला. "सर, एका फॉर्मला कागदी कप टाचलेला आहे. चुकून आलाय का? याची नोंद मी कशी करू?"

सर म्हणाले, "परिशिष्ट म्हणून लावा."

* * *

आता शेवटचा. हा सांगताना शाहीन मला मध्येच थांबवून दुरुस्त करते, पण आज ती इथं नाही.

सरांचा हट्ट असा, की अहवाल छापून झाला की ज्या गावांतून माहिती घेतली तिथं जाऊन तो वाचून दाखवायचा. मॅडम म्हणतात, हे आपल्या कामात बसत नाही. सर म्हणतात, मग आपण कामाबाहेर जाऊ. आम्ही आपले रविवारी एसटीनं जातो.

ग्रामसभांचा अहवाल होता. गोदावरीच्या काठचं गाव. दुपारी समाजमंदिरात लोक जमले. पुढं सतरंजीवर पुरुष, माजी सरपंच आणि त्यांची माणसं. मागं भिंतीला टेकून बायका. शाहीन उभी राहून वाचायला लागली. कर, रस्ते, नदीतला गाळ, लोक माना हलवत होते. मग बाराव्या पानावर एक वाक्य आलं. आम्ही कुणाचंही नाव छापत नाही. तिथंही नुसतं 'एक महिला' एवढंच होतं.

शाहीननं वाचलं, "एक महिला म्हणाली, 'ग्रामसभा कशी असती ते मी अजून बघितलं न्हाई. रजिस्टर घरी येतं, अंगठा घेऊन जातं.'"

माजी सरपंच उठून उभे राहिले. "कोण म्हणलं हे?"

सर म्हणाले, "नाव सांगता येणार नाही."

"का नाही? आमच्या गावाची बदनामी छापायलेत आन् नाव न्हाई? नाव सांगा, न्हाई तर हे खोटं हाय म्हणून लिहून द्या!"

दोन-चार जण आणखी उठले. कुणीतरी समाजमंदिराचं दार ओढून घेतलं. ती मुलाखत मी घेतली होती. ती बाई कोण ते मला माहीत होतं, ती मागं कुठं बसलीय तेही माहीत होतं. मी डोळे जमिनीवर रोवून बसले होते. चुकून तिकडं बघितलं तरी तिचं नाव सांगितल्यासारखं झालं असतं.

सर खुर्चीतून उठले. गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागला. "नाव सांगणार नाही. शब्द देऊन आलोय. आणि खोटं आहे असं लिहून देणार नाही, कारण ते खोटं नाही. दार लावायचं तर लावा. आमची एसटी तशी पण चुकलेली आहे."

कुणी हसलं नाही. माजी सरपंच म्हणाले, "मग बसा इथंच! नाव कळल्याबिगर कुणी उठायचं न्हाई!"

शाहीननं बाराव्या पानात बोट ठेवून अहवाल मिटला.

मग मागून बांगड्या वाजल्या. भिंतीपाशी एक बाई उठली होती. पन्नाशीची, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. बायकांच्या पायांमधून वाट काढत ती पुढं आली. सतरंजीवरच्या पुरुषांना सरकावं लागलं. ती थेट सरांपुढं येऊन उभी राहिली.

"ते मीच म्हणले," ती म्हणाली.

माजी सरपंचांनी तोंड उघडलं. तिनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. शाहीनच्या हातातला अहवाल घेतला, बाराव्या पानावर बोट ठेवून ओळ शोधली आणि ते बोट तिथंच दाबून धरलं.

"पण हितं चुकलंय. म्या अंगठा न्हाई म्हणले. मी सही करते. चौथी शिकले."

मला मान वर करता आली नाही. तिनं 'सही' म्हटलेलं मी 'अंगठा' लिहिलं होतं. का लिहिलं, ते मला आजही सांगता येत नाही.

सरांनी खिशातून पेन काढलं. 'अंगठा' खोडलं, वर 'सही' लिहिलं आणि अहवाल शाहीनकडं दिला.

ती बाई तिथंच उभी होती.

"आता वाच पोरी," ती म्हणाली. "मोठ्यानं."